वर गेलेलं

गव्हाची कापणी उरकली की बागायतदार आबासाहेब रानातलं काड पेटवून देत. धुरात समोरचा डोंगर बुडून जाई. त्या डोंगरावर शेजारच्या चंद्राक्काची लेक नांदत होती. आपली खुशाली आईला कळावी म्हणून ती रोज अंगणात लाल लुगडं वाळत घाली.

"या धुरानं हवा तापते म्हणतात. मला तर लेकही दिसंना," चंद्राक्का आबासाहेबांना म्हणाली.

"माझ्या रानातून वर गेलं, ते माझं राहिलं नाही."

पुढं आबासाहेबांचं लाडकं कबूतर त्यांच्या रानातून उडून चंद्राक्काच्या छपरावर उतरलं. तिनं ते डालग्याखाली झाकलं. आभाळाकडं बघून बघून थकलेले आबासाहेब शेवटी कबुतराचा माग काढत तिच्या दारात आले.

"तुमच्याच रानातून वर गेलं ना? मग तुमचं कसं?"

तिनं डालगं उचललं.

"न्या. वाट बघणं काय असतं, ते आता कळलं तुम्हाला."

उरलेलं काड त्यांनी नांगरून मातीत घातलं. सकाळी डोंगरावर लाल लुगडं हलत होतं.