खोप्याचा पत्ता

माणसांच्या दुकानांवर अजून पाट्या लागल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. पिवळ्या नावाच्या सुगरण नराने विहिरीवरच्या बाभळीला अर्धा खोपा विणून टांगला. त्यांची रीतच तशी. मादीने आत शिरून वीण ओढून पाहायची, पसंत पडली तरच उरलेला खोपा पुरा करायचा.

शेजारच्या झाडावरचा नर माद्यांचा थवा दिसला की तेवढ्यापुरते पंख फडफडवायचा. पिवळ्याला कुठला एवढा धीर! त्याने टिटवीला गाठलं.

"टिटवीताई, माझ्या खोप्याचा पुकारा कराल? रोज किडे पोचवीन."

टिटवीने रान डोक्यावर घेतलं. "विहिरीवरची बाभळ, खालची फांदी, पिवळ्याचा खोपा!" होले आले, मैना आल्या, माकडंसुद्धा वाहवा करून गेली. त्यांतल्या एकालाही खोपा नको होता, पण पिवळ्याची छाती फुगली.

शेवटी एक मादी आली. तिने आत शिरून वीण ओढली, पुन्हा ओढली.

"काम चोख आहे हो तुमचं," ती म्हणाली. "इथला पत्ता कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"साऱ्या रानाला!" पिवळ्या ऐटीत म्हणाला.

"म्हणजे सापालाही," ती म्हणाली आणि शेजारच्या खोप्याकडे उडाली.