कुंबाची पखाल

मोठ्या वाळवंटाच्या काठी, जिथे वाळू सरते आणि बाभळी लागतात, तिथल्या तिंदारा गावी शेख हामदूबाबा राहत. गाव तांड्यांवर जगे. उत्तरेतून मीठ येई, दक्षिणेतून सोने जाई. मिठाच्या लाद्यांसंगेच कलमाही आला आणि थेट राजाच्या ओठी बसला.

बाबांच्या मशिदीत कुंबा नावाची विधवा पाणी भरी. तिचा एकुलता मूसा बुकारी शेठच्या तांड्यात उंट हाकी. रीत अशी, की परतताना तांड्याने एक निरोप्या पुढे धाडायचा. तो आला की गाव पाणी घेऊन सामोरे जाई.

तांडा निघाला तेव्हा तिने विचारले, "शेठ, निरोप्या धाडाल ना?"

"राजाला कलमा आम्ही दिला, म्हातारे. वाळवंट आम्हांला ओळखतं. तू आपले रांजण भर."

परतायचे दिवस आले नि गेले. निरोप्या नाही, म्हणजे तांडा लांब आहे, असे म्हणून गाव स्वस्थ बसले. कुंबाला मात्र चैन पडेना. थकल्या हातांनी पखाल बांधता बांधता ती गुणगुणे:

भर भर पखाली, भर काठोकाठ गं
वाळूच्या पल्याड कुणी पाहतं वाट गं

बाबा तापाने अंथरुणाला खिळलेले, आवाज पार बसलेला. ते पुटपुटले, "तुझी झोप उडाली, पोरी. तोच निरोप. नीघ."

"मला वाट ठाऊक नाही, बाबा."

"नमाजाच्या वेळी कान दे."

लंगड्या उंटावर पखाल लादून ती निघाली. वेशीवरचे लोक हसले, "शेठचा तांडा आता हिच्या भरवशावर!"

वाळूच वाळू. पाय भाजले, वाटेची खूण वाऱ्याने पुसली. ती मटकन बसली, मूसाचे नाव घ्यायलाही ओठ उघडेनात. तोच बांग ऐकू आली. आवाज बाबांचा, पण गाव मागे आणि बांग पुढून! ती उठली, बांगेमागे चालत राहिली.

टेकाडापलीकडे तांडा कोसळून पडला होता. मूसाने डोळे उघडले. सगळे पाणी प्याले, उंटही. तरी पखाल फुगलेलीच.

"बांग ऐकून इथवर रेटलं," बुकारी म्हणाला. "गाव जवळच आहे ना?"

"फार लांब आहे, शेठ."

तांडा तिंदाऱ्यात पोचला तेव्हा सारे सांगत होते, कुंबा निघाल्यापासून बाबा अंथरुणावरून उठलेले नाहीत, तोंडून शब्दही फुटलेला नाही. बुकारीने पाहिले: अंथरुणावरच्या बाबांच्या तळपायांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत वाळवंटाची वाळू होती. पागोटे उतरवून तो पायांशी वाकला.

बाबांनी तापलेल्या हाताने त्याचे डोके हळूच कुंबाकडे वळवले. म्हणाले, "निरोप्याला सलाम कर."

बुकारी तिच्यापुढे वाकला. मग तिच्या खांद्यावरची, वेशीत शिरल्यावरच रिकामी झालेली पखाल आपल्या खांद्यावर घेऊन विहिरीकडे गेला.