शेट्यांचं यंत्र आणि मठाची जमीन

“मग या बाईला ठेवायचं तरी कशाला, बुवा?”

अंबादास शेटे हे बोलला तेव्हा ती बाई त्याच्यापासून पाच हातांवर उभी होती. एका हातात शेणाची बादली, दुसऱ्या हातात केरसुणी.

पुतळाबाईनं ऐकलं. ऐकून बादली खाली ठेवली. आपटली नाही, नुसती ठेवली. तरी कडी वाजलीच.

भुजंगबुवा मठाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

“कशाला म्हणजे?”

“म्हणजे आता हे आलंय ना.”

शेट्यानं शेजारच्या खोक्यावर थाप मारली. तालुक्याला त्याची तेलाची गिरणी. आठ वर्षं दर अमावास्येला मठात यायचा, बुवांकडं मंत्र मागायचा, आणि बुवा दर अमावास्येला ‘बघू’ म्हणायचे. त्याचाही एक राग त्याच्या पोटात साठलेला होता. पण तो राग असा उघडा करायची सोय नव्हती. म्हणून तो पुतळाबाईवर निघायचा. ही कोण, अडाणी झाडणारी, आणि बुवांच्या पायांपाशी रोज हिचा हात फिरतो... असं त्याला व्हायचं.

खोकं उघडलं. आतून यंत्र निघालं. उभं, माणसाच्या कमरेच्या वर जाणारं. वर धरायला दांडा, खाली जमिनीला चिकटणारं रुंद तोंड, पोटाशी काचेसारखा आरपार डबा. तोंडावर दिवासुद्धा होता. भर दुपारी दिवा कशाला, ते शेट्यालाच ठाऊक.

“व्हॅक्यूम क्लीनर. उभं मॉडेल. याच महिन्यात निघालंय,” शेटे म्हणाला. “तालुक्यात पहिलं माझ्या घरी. आणि हे दुसरं, खास मठाला. दुकानदारानं फोन करून सांगितलं, शेटजी, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.”

“काय करतं?”

“केर ओढतं. वाकायला नको, धूळ उडायला नको. उभ्यानं ढकलायचं. आणि बुवा, काढलेला केर डोळ्यांनी दिसतो. दुकानदार म्हणाला, हा डबा जितका भरेल तितकी तुमची आधीची झाडलोट खोटी.”

“असं म्हणाला?”

“खरंच आहे ते. घरी लावलं. बायकोनं सकाळीच झाडलेलं घर, तरी अर्धा डबा निघाला. मी पेपर पसरला आणि तिच्या पुढ्यात ओतला. म्हटलं, बघ, बावीस वर्षं काय झाडत होतीस.”

“मग?”

“मग काय... बोलत नाही चार दिवस.”

बुवांच्या मिशीत काहीतरी हललं आणि थांबलं.

पुतळाबाईला हसू आलं नाही. तिला शेट्याच्या बायकोचं तोंड दिसलं. कधी पाहिली नव्हती, तरी दिसलं.

एकतीस वर्षं पुतळाबाई या मठाची जमीन सारवत होती. फरशी तिथं कधी बसली नाही. मठाची रीतच तशी होती. जो नवा माणूस मठात येई, तो आपल्या दारातली ओंजळभर माती घेऊन येई. फूल नाही, नारळ नाही, माती. ती पुतळाबाईच्या हाती द्यायची. ती चाळायची, भिजवायची, शेणात कालवायची आणि जमिनीवर फिरवायची. कुणाची काळी, कुणाची तांबडी, कुणाची नुसती वाळू. एकतीस वर्षांत कितीतरी दारं त्या जमिनीत मुरली. म्हणून ती केरसुणीसुद्धा जोरानं मारत नसे. जमिनीचा पोपडा निघू नये अशी, पाठ चोळल्यासारखी हलक्या हातानं झाडायची.

आणि तिला आता घरी बसवायचं होतं.

घर कुठलं? ते तर कुणी विचारलंच नव्हतं.

“बुवा,” ती म्हणाली, “ह्या जमिनीवर ते यंत्र...”

बुवांनी तिच्याकडं बघत उजवा तळवा वर केला.

मठात तो तळवा वर झाला की बोलणं थांबायचं. मोठमोठ्या माणसांचं थांबलेलं पुतळाबाईनं पाहिलं होतं. एकतीस वर्षांत तिनं स्वतः तो एकदाही ओलांडला नव्हता. ती थांबली.

“लाव,” बुवा शेट्याला म्हणाले.

शेट्यानं लांब वायर ओढून प्लग लावला. बटण दाबलं.

आवाज असा झाला की आढ्यावरचे पारवे उडाले.

शेटे यंत्र ढकलत निघाला. दोन हात गेला नाही तोच डबा ढवळून निघाला. चार हातांत अर्धा भरला. ओट्याच्या पायरीपर्यंत पोचला तेव्हा डबा काठोकाठ.

त्यानं यंत्र थांबवलं. खिशातून घडी केलेला पेपर काढला. तयारीनंच आला होता. पुतळाबाईच्या पायाशी पसरला आणि डबा उपडा केला.

“घे. ही तुझी झाडलोट.”

पुतळाबाई ढिगाकडं बघत राहिली. केरात केस असतात, सुतळीचा तुकडा असतो, उदबत्तीची काडी असते. यात तसलं काही नव्हतं. मऊ, पिवळट, एकसारखी भुकटी. तिनं परवाच फिरवलेला सारवणाचा हात होता तो. बोटांसकट ओळखला तिनं.



शेट्याला केर कुठला आणि जमीन कुठली ते कळत नव्हतं, याचा तिला फार राग नव्हता. तेलातला माणूस, त्याला मातीतलं काय कळणार.

बुवांना कळत होतं. राग त्याचा होता.

“अजून आहे का रे?” बुवांनी विचारलं.

“पुष्कळ आहे, बुवा.”

“मग काढ.”

तळवा तसाच वर.

दुसरा डबा निघाला. तिसरा निघाला. शेटे घामाघूम झाला. आधी खूश होता, मग चिडला. घाण संपेना तसा त्याचा आवाज चढत गेला.

“काय बाई आहे ही. एवढी घाण माझ्या गिरणीत नाही. देवाच्या दारात बसून एकतीस वर्षं फसवत आली तुम्हाला.”

बुवा गप्प.

“नुसतं शेण फासायचं आणि खाली सगळं झाकायचं. धंदाच आहे हा.”

बुवांचा तळवा वरच.

पुतळाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि पीळ दिला. बोला की याला काहीतरी, ती मनात म्हणत होती. नुसतं एक अक्षर बोला. नाहीतर हात तरी खाली घ्या. तुमचा हात खाली आला की मी बघते याच्याकडं.

हात खाली येत नव्हता.

चौथ्या डब्याला यंत्राच्या तोंडात खडे वाजायला लागले. सारवण गेलं होतं, आता खालचा मुरूम निघत होता. मधोमध जमीन फिकट पडली होती, खरूज खरवडल्यासारखी. शेट्याला ते दिसलं नाही. तो डब्याकडं बघून चालत होता.

चालत चालत तो दाराजवळच्या खांबाकडं वळला.

त्या खांबाच्या बुडाशी पुतळाबाईची स्वतःची ओंजळ होती. मठात आली त्या दिवशीची. दहेगावच्या तिच्या घराच्या उंबऱ्याखालून काढलेली. दहेगाव पुढं धरणात गेलं. उंबरा गेला, दार गेलं, गल्ली गेली. उन्हाळ्यात पाणी आटलं तरी देवळाचा कळस तेवढा दिसतो म्हणतात, तिचं घर काही दिसत नाही. जगात तिच्या दाराचं जे काय उरलं होतं ते या खांबाच्या बुडाशी, दोन वितींच्या जागेत.

यंत्राचं तोंड त्या जागेवर टेकलं.

पुतळाबाई भिंतीकडं गेली आणि प्लग उपटला.

आवाज मेला.

शेटे वळला. “ए बाई, शुद्धीवर आहेस का?”

ती त्याच्याकडं वळलीच नाही. ती ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. प्लग हातात तसाच, मागं वायर लोंबत.

“हात खाली घ्या, बुवा.”

हात वरच राहिला.

“हात खाली घ्या म्हणते मी. एकतीस वर्षं तुमच्या हाताकडं बघून जगले. वर केला की गप्प, खाली आला की बोलायचं. पावसात भिंत खचली तेव्हाबी तुमच्या हाताकडं बघत होते. आज ह्यानं माझी जमीन ओढून पेपरावर टाकली आणि तुम्ही त्याला विचारता, अजून आहे का. आहे की. खाली डोंगर आहे, तोबी काढा म्हणावं.”

शेटे मध्ये काही म्हणायला गेला.

“तुम्ही थांबा, शेटजी. तुमचीबी ओंजळ त्यात होती. आठ वर्षांपूर्वीची, गिरणीच्या आवारातली. तेलकट. दोन दिवस मळली तरी शेणात मिळेना, ऊन पाणी घालघालून मिळवली मी. तीबी गेली तुमच्या डब्यात. आता ती तरी वेगळी काढून दाखवा, म्हणजे मानते यंत्राला.”

शेट्यानं पेपरावरच्या ढिगांकडं पाहिलं. मग जमिनीकडं पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं.

त्याचं तोंड उतरलं. पण उतरलेलं तोंड झाकायला माणसाला राग फार सोयीचा असतो.

“बुवा, ऐकलंत?” तो म्हणाला. “तुमच्या तोंडावर तुमचा शब्द मोडते. हात खाली घ्या म्हणते, तुम्हाला. आठ वर्षं मी येतो, मला एक अक्षर मिळत नाही, आणि ही... आत्ताच्या आत्ता बाहेर काढा हिला.”

“काढा,” पुतळाबाई म्हणाली. “नाही काढलं तरी मी चालले.”

बुवांनी हात खाली घेतला.

मग ते उठले. त्यांचे गुडघे गेलेले. उठायला दोन माणसं लागायची, पण आज दोघांपैकी कुणाचीच त्यांना हात द्यायची हिंमत झाली नाही. भिंत धरून उठले, ओट्याची पायरी बसून उतरले आणि तसेच सरकत सरकत उखडलेल्या जमिनीपाशी आले. तिन्ही ढिगांसकट पेपर ओढून जवळ घेतला. बादली ओढली. बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत शेणात घातले.

“बाई,” ते म्हणाले, “माती आत्ता घालू का?”

पुतळाबाई दारात पोचली होती. थांबली.

त्यांच्या हातांकडं बघून तिचा राग निवला नाही. उलट वाढला.

“आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं असतं,” ती दारातूनच म्हणाली. “कोरड्यावर धरतं का ते?”

बुवांनी हात बाहेर काढले. तांब्या घेतला आणि शिंपडलं.

“एवढं नाही. चिखल करायचाय का?”

बुवांनी तांब्या बाजूला ठेवला.

ती परत आली. त्यांच्या शेजारी बसली, त्यांचं मनगट धरून हात बादलीत बुडवून काढला आणि बोटं सरळ केली. अशी, म्हणाली. तळव्यानं नाही, बोटांच्या पेरांनी. बुवांनी पेरं टेकवली. चुकली. तिनं ती जागा पुसली आणि पुन्हा करायला लावली.

शेटे यंत्राचा दांडा धरून उभा होता. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. 

“बुवा,” शेवटी तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण राग त्यात होताच. “मग माझ्या मंत्राचं काय?”

बुवांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा चुकलेली ओळ ते पुसत होते.

“मागं सरून बस,” ते म्हणाले. “माझा आज पहिलाच दिवस आहे.”