सगुणाबाईची कामटी

करंजवेळे गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे येसोबा महाराजांची मठी होती. मठी म्हणजे काय, चार कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर आणि दारात एक दगडी बैठक. महाराज पहाटेपासून त्या बैठकीवर बसत आणि येईल त्याची विचारपूस करीत. अंगावर एक पंचा, बाकी उघडे. थंडीत त्या ओढ्याकाठी गुरेसुद्धा उभी राहत नसत, पण महाराजांची बैठक काही सुटली नाही.

दरसाल पौषात मठीचा उत्सव होई आणि त्या दिवशी महाराजांच्या अंगावर नवी गोधडी घालण्याचा परिपाठ होता. सात ओळी, ओळीत सात चौकोन, आणि प्रत्येक चौकोन बरोबर वीतभर. ही गोधडी बारा वर्षे एकाच बाईने शिवली होती, ती म्हणजे शिंप्याघरची सगुणाबाई. तिचा हात काय वर्णावा! चौकोनाला चौकोन असा लागे की कोपऱ्यावर कोपरा बसलेला नखाने चाचपून पाहावा. बांबूची एक वीतभर कामटी तिने मापाला करून ठेवली होती, आणि ती कामटी तिच्या घरात देवापेक्षा थोडी खाली आणि नवऱ्यापेक्षा थोडी वर मानली जाई.

बाई गुणाची होती, पण तिच्या मनात एक सल होता. महाराज तिची गोधडी हौसेने पांघरून घेत आणि दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकीत. एकदा कुडकुडत्या धनगराला दिली, एकदा रक्तपितीच्या म्हाताऱ्याला. "एक तरी स्वतःला ठेवावी की नाही?" असे ती मनाशी म्हणे आणि पुढच्या वर्षी अधिकच बारीक टाके घाली.

तेराव्या वर्षी महाराज सहज बोलून गेले, "यंदा आम्ही हौसाच्या हातची गोधडी पांघरू."

हौसा ही तेल्याची विधवा सून. दिवसभर घाणा चालवावा आणि दुपारी येऊन मठीचे अंगण सारवावे, एवढेच तिला ठाऊक. घाण्यात सापडून तिच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली होती. आता वीत म्हणजे अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. करंगळीच अर्धी, तर वीत पुरी भरणार कुठून? आणि डाव्या हाताने मोजलेले देवाच्या कामाला चालत नाही, हा तर गावचा रिवाजच.

सगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षे डोळे फोडले आपण, आणि मान कुणाला, तर सुईत दोरा ओवताना तीनदा चुकणाऱ्या बाईला! घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही. मत्सर मोठा वाईट, बाबांनो. भूक लागते तीही कळू देत नाही.

इकडे हौसाने दारोदार फिरून जुनी लुगडी गोळा केली आणि कामाला बसली. चिंधीला चिंधी जोडून चौकोन करायचा आणि मग मोजायचा. एक चौकोन आखूड होई, म्हणून पुढचा अंदाजाने वाढवावा, तर तो पसरट होई. उसवावा, पुन्हा शिवावा, पुन्हा उसवावा. उसवून उसवून कापड विरायला आले. पाणवठ्यावर बायका हसू लागल्या, आणि सगुणाबाई घागर बुडवता बुडवता म्हणे, "हौसाची गोधडी ना? झाली तर महाराजांचा मंडप होईल, नाही तर लंगोटी."

हौसा ऐकून घेई. शेवटी उत्सवाला आठ दिवस उरले तेव्हा ती सगुणाबाईच्याच दारात येऊन उभी राहिली.

"आक्का, माझी वीत भरत नाही. तुमची कामटी द्याल का? रोज एक ओळ कापीन अन् संध्याकाळी आणून देईन."

सगुणाबाई नाही म्हणणार होती. पण तिच्या मनात एक कली शिरला, आणि ती गोड हसून म्हणाली, "ने की, बाई. देवाचंच काम. पण संध्याकाळी आठवणीनं आणून देत जा. आमचं अडतं तिच्यावाचून."

पहिल्या दिवशी हौसाने पुऱ्या मापाची ओळ कापली आणि तिन्हीसांजेला कामटी परत आणून दिली. सगुणाबाईने आत जाऊन विळीवर कामटीचे टोक धरले आणि जवाच्या दाण्याच्या जाडीएवढी चीप उडवली. जव तो केवढा! हातात घेणाऱ्याला काय कळणार? दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक, तिसऱ्या संध्याकाळी आणखी एक. अशा सहा चिपा निघाल्या. त्या चुलीत टाकाव्या असे रोज तिच्या मनात येई, पण चुलीपाशी गेले की हात अडे. मग त्या तिने पदराच्या टोकाला गाठीत बांधून ठेवल्या. आणि एवढे करून ती दिवसभर स्वतःची वेगळी गोधडी शिवत होती, नेहमीसारखी, सात ओळींची.

सातवी ओळ झाली त्या दुपारी ती मुद्दाम हौसाकडे गेली. अंगणात ओळी एकीखाली एक मांडलेल्या होत्या. चौकोनामागे चोरलेले जव ओळीत सातपट झाले होते, आणि शेवटची ओळ पहिलीपेक्षा चांगली पाच बोटे आखूड पडली होती. हौसा मधोमध बसून एकेक ओळ ओढून पाहत होती.

"असं कसं झालं गं?" सगुणाबाई म्हणाली.

"काय कळंना, आक्का. कामटी तुमची, तिच्यात खोट नाही. माझ्याच हातात खोट असंल." तिने अर्धी करंगळी पुढे करून पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला. "घरातली चिंधी संपली. गावात आता मागायलाही तोंड नाही. महाराज एकदाच काही म्हणाले मला, अन् तेही माझ्याच्यानं झालं नाही."

सगुणाबाईला आत कुठेतरी टोचले. पण ती म्हणाली, "जमत नाही म्हणून सांगून टाक जा. उत्सव उद्यावर आला. माझी तयार आहे."

हौसाने ओळी गोळा केल्या आणि तशीच मठीत गेली. महाराजांच्या पुढ्यात गाठोडे सोडून म्हणाली, "महाराज, उणं पडलं."

महाराजांनी एकेका ओळीवरून सावकाश हात फिरवला. शेवटच्या ओळीवर त्यांचा हात जरा थांबला. मग ते म्हणाले, "जोड पोरी, आहे तसं. तू टाका घालत जा, नाम घेत जा. उण्याचं आम्ही पाहून घेऊ."

त्यांच्याच समोर बसून तिने ओळी जोडल्या, अस्तर लावले आणि सूर्य मावळायच्या आत शेवटची गाठ मारली. घडी घालून महाराजांच्या बैठकीवर ठेवली. ती उलगडून पाहायचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सारा गाव मठीत जमला. आरती झाली आणि महाराजांनी हौसाची घडी मागितली. सगुणाबाई पुढे झाली. काखेत तिची स्वतःची गोधडी होती आणि हातात कामटी.

"महाराज, लहान तोंडी मोठा घास होतो," ती म्हणाली, "पण वाकडंतिकडं वस्त्र तुमच्या अंगावर कसं घालायचं? चार लोकांसमोर मोजून तरी घ्यावं."

महाराज म्हणाले, "मोज की. कामटी तुझी, हातही तुझाच."

गोधडी पसरली. सगुणाबाईने आधी शेवटच्या ओळीला कामटी लावली. सात वेळा बरोबर बसली. ते ठीकच होते, ती ओळ त्याच तोकड्या कामटीने कापलेली होती. आता ती पहिल्या ओळीकडे वळली. ही ओळ पुऱ्या मापाची. कामटी तोकडी, म्हणजे इथे सात होऊन पाच बोटे उरायलाच हवीत, आणि तेवढीच तिला गावाला दाखवायची होती. एक, दोन, तीन... सातव्याला कामटीचे टोक काठावर येऊन थांबले. पुढे बोटभरसुद्धा कापड नव्हते.

तिला वाटले, मोजताना चुकले. पुन्हा मोजले. मधल्या ओळी मोजल्या. आडवे मोजले, उभे मोजले. जिकडे लावावी तिकडे सात.

"बरोबर आहे की," लोक म्हणाले. "चांगली शिवली हौसानं. आता घाला, महाराजांना गारठा लागतोय."

पाहा मंडळी, चमत्कार झाला आणि गावाला पत्ता नाही. लोकांना दिसली ती एक चांगली शिवलेली गोधडी. हौसाने पाहिले आणि महाराजांच्या पायांकडे बघून हात जोडले. पण काय झाले ते पुरते ठाऊक होते एकट्या सगुणाबाईला. तिने आपली वीत पसरली आणि तिच्यावर कामटी ठेवली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पुरी. पहिल्या दिवशी होती तेवढी. तिने घाईघाईने पदराची गाठ सोडली. सहाच्या सहा चिपा तळहातावर पडल्या.

आता तिला गप्प राहता आले असते. मूठ मिटली असती तर कुणी विचारले नसते. पण महाराज तिच्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर तिने तो सोसला असता.

"महाराज," ती म्हणाली, "हे मी कापलं. रोज जवभर. तिची ओळ आखूड पडावी म्हणून कापलं. बारा वर्षं शिवून दिली मी तुम्हाला, एक तुम्ही अंगावर ठेवली नाहीत. अन् हिची आपणहून मागितलीत. माझ्यात काय उणं होतं?"

महाराजांनी हौसाची गोधडी उचलली आणि हौसाकडेच पाहून अंगाभोवती गुंडाळली. हौसाचा चेहरा उजळला.

"उबदार आहे गं," ते हौसाला म्हणाले. मग सगुणाबाईकडे वळले. "तुझ्या बाराही उबदार होत्या. म्हणून तर दिल्या. सगुणे, आम्ही गोधडी कुणाला देतो, पाहिलंस ना तू?"

"ज्याला थंडी जास्त, त्याला," ती म्हणाली.

महाराज उठले. अंगावरची गोधडी उतरवून त्यांनी ती सगुणाबाईच्या खांद्यांवर घातली आणि लहान लेकराला गुरफटावे तशी पुढून नीट आवळली. "मग ही तुझी. यंदा गावात तुझ्याइतकं कुणी गारठलेलं नाही."

सगुणाबाईने हौसाकडे पाहिले. हौसा पुढे आली, गोधडीचे खाली लोंबणारे टोक उचलून तिच्या पाठीवर सारखे केले आणि म्हणाली, "पांघरा आक्का. तुमच्याच मापाची आहे."

तेव्हा ती गर्विष्ठ बाई त्या गोधडीसकट खाली बसली. हौसाची अर्ध्या करंगळीची वीत दोन्ही हातांत धरून तिने आपल्या कपाळाला लावली, आणि मग महाराजांच्या पायांवर डोके ठेवून ती पोटभर रडली.