उपास करणारी प्रणाली

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध गुरुजी राहत असत. मठ होता, पर्णकुटी होती, गाय होती. फक्त तिथे वेदांऐवजी संगणकाची विद्या शिकवली जाई. आज्ञावलीची प्रत्येक ओळ शिष्याने गुरुजींसमोर मोठ्याने वाचायची, आणि 'ही कशासाठी?' याचे उत्तर देता आले नाही तर ती पुसायची, असा तिथला दंडक. मठातले मांजरही चुकीच्या ओळीला शेपूट फुगवत असे म्हणतात. मांजराचे मी शपथेवर सांगणार नाही, बाकीचे सांगेन.

दुसरा दंडक मात्र अधिक विचित्र होता. मठात घडलेल्या प्रत्येक प्रणालीने एकादशी पाळायची. त्या दिवशी ती काहीही करत नसे. ज्यांची प्रणाली, त्यांनी ते काम आपल्या हाताने उरकायचे.

गुरुजींच्या एका शिष्याने खालच्या गावासाठी पाणी सोडण्याची प्रणाली केली होती. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांना पाळीपाळीने जाई. कोणाची पाळी केव्हा, किती वेळ, हे सारे ती प्रणाली पाही आणि पाटाची दारे आपोआप उघडी. तिच्यामुळे गावातली निम्मी भांडणे थांबली. एकादशीला मात्र घरटी एक माणूस बंधाऱ्यावर जाई आणि लोखंडी चाके फिरवून दारे उघडी. शिव्या देत उघडी, पण उघडी.

"आम्ही उपास करायचा, तर यंत्रानं का?" एक म्हातारी दर एकादशीला विचारी. "त्याला काय मोक्ष हवाय?"

"मठाचा दंडक आहे, आजी," एवढेच शिष्य म्हणे.

पुढे त्या गावात एक व्यापारी आला. केवढा मोठा व्यापारी? तर त्याच्या कचेरीच्या एका टोकाला सूर्य मावळे तेव्हा दुसऱ्या टोकाला न्याहारी चाले. तो म्हणाला, "आमची प्रणाली फुकट. आणि ती उपास करत नाही."

सरपंचांच्या निवडणुकीला थोडेच दिवस होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दार उघडल्यावर पाण्याआधी माझा फोटो दिसेल का?"

"हसरा हवा की गंभीर?" व्यापाऱ्याने विचारले.

शिष्य धावत मठात आला. "गुरुजी, उद्या ग्रामसभा आहे. एकादशीची ती एक ओळ काढू द्या. एकच ओळ! नाहीतर माझं सगळं काम उचलून फेकून देतील."

गुरुजी गाईला चारा घालत होते. "फेकू देत."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. वाईट वाटतं. ओळ मात्र राहील."

ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "बंधू-भगिनींनो, जग कुठं चाललंय आणि आपलं यंत्र एकादशी धरतंय!" सभा हसली. शिष्याची प्रणाली काढली गेली. जुनी चाके भंगारात काढायचा ठरावही त्याच वेळी मंजूर झाला. पण ठराव पंचायतीचा असल्यामुळे चाके जागच्या जागी राहिली.

व्यापाऱ्याने शिष्याला नोकरी देऊ केली. शिष्याने गुरुजींची आज्ञा मागितली. "जा, बघून ये," एवढेच ते म्हणाले. जाताना त्याने नमस्कारही घाईतच केला.

तिकडे पगार उत्तम, खुर्ची गोल फिरणारी. पण आज्ञावली पाहून तो चक्रावला. थरावर थर, त्यावर आणखी थर. बरेचसे थर यंत्रानेच लिहिलेले. त्याने शेजारच्याला विचारले, "दादा, हा भाग काय करतो?"

"कोणाला माहीत!"

"मग काढून का टाकत नाही?"

"एकदा काढला होता. तीन देशांत लिफ्ट बंद पडल्या." शेजारी चहा ढवळत म्हणाला, "तू नवीन आहेस. वाचायला जाऊ नकोस. वर रच."

ऐन चैत्रात व्यापाऱ्याचे आणि गाव ज्या मुलखात होते तिथल्या राजाचे कशावरून तरी बिनसले. कोणी म्हणे करावरून, कोणी म्हणे राजाचा फोटो काळा आला म्हणून. व्यापाऱ्याने त्या मुलखातल्या सगळ्या प्रणाली एका बोटाने बंद केल्या. शिष्याच्या डोळ्यांसमोर गाव उभे राहिले: बंद दारे, करपणारा ऊस, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसे. तो तसाच निघाला आणि थेट बंधाऱ्यावर पोहोचला.

दारे उघडी होती. पाटाला पाणी होते. माणसे चाकांना लोंबकळली होती.

"अगं, डावीकडं फिरव! एकादशीला कसं फिरवायचीस?"

"आज काय एकादशी आहे का?"

"समज, रोजच आहे!"

"माझी पाळी झाली हो, सरपंच, आता तुमची. फोटोनं चाक फिरत नाही."

भांडणे भरपूर होती. पण पाळी कोणाची, चाक किती फेरे फिरवायचे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. शिष्य मागे वळला आणि मठाची चढण चढून गुरुजींपुढे बसला.

"हे असं होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "मी ज्योतिषी नव्हे."

"मग उपासाचा हट्ट कशासाठी? माझी प्रणाली बंद पडेल, अशी शंका होती?"

"बाबा रे, उलट आहे. वाईट यंत्राला उपास लागत नाही. ते रोज बिघडतं, माणसाला जागं ठेवतं. चांगलं यंत्र माणसाला निजवतं. तुझं काम फार चांगलं होतं. म्हणून त्याला एकादशी. ज्या गावाला आपलं पाणी आपल्या हातानं सोडता येतं, त्या गावाशी व्यापारी जरा नीट बोलतो आणि सरपंचही. आपण गावाला यंत्र द्यावं, पण त्याचे हात काढून घेऊ नयेत."

जी ओळ काढण्यासाठी तो तळमळला होता, तिचेच उत्तर द्यायला तो कधी शिकला नव्हता, हे शिष्याच्या ध्यानात आले.

संध्याकाळी सरपंच स्वतः मठात आले. तळहातांना फोड आलेले, आवाज नरम. शिष्याला म्हणाले, "मास्तर, तुमची ती जुनी प्रणाली परत बसवा. उद्याच बसवा. फक्त ते एकादशीचं तेवढं काढा. लोक दमलेत हो. नसेल जमत, तर आणखी एक व्यापारी आलाय. तोही फुकटच देतोय."

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी गाईच्या पाठीवरची गोमाशी हाकलण्यात गढले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"एकादशी राहील," शिष्य म्हणाला.

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"वाईट वाटेल," शिष्य म्हणाला.

सरपंच उंबऱ्यावरून वळले आणि उतरणीला लागले. शिष्याने त्यांना हाक मारली नाही.

ज्यांच्या घरी सगळे आपोआप चालते, त्यांनी अधूनमधून एखादे चाक स्वतः फिरवून पाहावे. घर कोणाच्या ताब्यात आहे, ते तेवढ्याने कळते.