पखाल आणि प्रार्थना

फार पूर्वी एका माळावर घोड्यांनी आपल्या शिंगरांसाठी शाळा उभारली. तिचे दगड गाढवांनी वाहिले. गाढविणीची लेक चंद्री रोज पखालीने शाळेत पाणी आणी आणि दारातून अक्षरे न्याहाळी.

एके सकाळी धीर करून ती म्हणाली, "गुरुजी, मलाही बसू द्या ना!"

"शाळा सर्वांचीच आहे, बाळ," वृद्ध घोडा म्हणाला, "पण तू बसलीस तर पाणी कोण आणील?"

"तिला 'पाणी' लिहायला शिकवा, पखाल आपोआप भरेल!" एक शिंगरू खिदळले.

गुरुजींनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, "देवा, सर्वांना ज्ञान दे."

"गुरुजी, त्या सर्वांत मी येते का?" चंद्रीने विचारले.

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली गेली; देवाने मात्र ती तिथून पुढे ऐकली नाही.