काढलेली कौलं

"अंधारावर उजेड हाच उपाय ना, बाबा?"

विश्वंभरशास्त्री अंगणातून विचारत होते. वर छपरावर सत्तरीचे करमशहा फकीर तबेल्याची कौलं परत बसवत होते. शास्त्रीबुवांनी ती सकाळीच उतरवली होती.

आत हरणी होती, फकिरांची म्हातारी घोडी. तिचे डोळे आतून अधू झालेले. मग तिला भरपूर ऊन मिळायला नको? एवढ्या पोथ्या वाचलेल्या माणसाला एकदा वाटलं की वाटलं, कुणाला विचारायचं कारणच उरत नाही.

दुपारपर्यंत हरणीच्या डोळ्यांना धार लागली. भिंतीत तोंड खुपसून ती थरथरत उभी होती. समोरची बादलीही तिला सापडेना.

बाबा खाली उतरले, अंधाऱ्या तबेल्यात गेले आणि तिच्या डोळ्यांवर ओला फडका धरून बसले. दार त्यांनी लावून घेतलं. शास्त्रीबुवा ते जरासं ढकलून कसेबसे आत शिरले.

"दिसेल ना तिला?"

"उरलंय तेवढं टिकावं, इतकंच मागतोय."

"पण बाबा, ऊन तर..."

"धडक्या डोळ्याला सोसतं. दुखऱ्याला तेच जाळतं."

शास्त्रीबुवा खाली बसले.

वर्षापूर्वी एकुलती एक मुलगी गेली आणि ते इथे बाबांकडे राहायला आले. आल्या आल्या त्यांनी ज्ञान मागितलं. बाबांनी त्यांना जोंधळे निवडायला बसवलं. वेळेवर जेवू घातलं, झोपू दिलं, हरणीला खरारा करायला लावलं. मृत्यूबद्दल, आत्म्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शास्त्रीबुवा मनातून धुमसत होते. या फकिराला काही येतच नसावं, असं त्यांनी गावात बोलूनही दाखवलं होतं.

"बाबा, वर्षभर तुम्ही मला काहीच शिकवलं नाहीत..."

त्यांनी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मुलगी गेल्यापासून एकदाही न रडलेला तो माणूस आज पोटभर रडला. आपल्याला कुणीतरी इतकं जपलं, याचंच त्याला रडू येत होतं.

बाबांनी रडू दिलं.

बऱ्याच वेळानं हरणीनं मान वळवली. शास्त्रीबुवांनी बादली तिच्या तोंडाशी धरली. ती सावकाश पाणी प्यायली.

बाबांनी फडका काढला.

"शास्त्री, ऊन उतरलंय. आता दार बोटभर उघड."